पेटी पाठवून दे

हॅलो?… हॅलो, कोण बोलतंय?… जरा मोठ्याने बोला. घरात माणसं आहेत, काही ऐकू येत नाही… कोण?

…

हो. मी गिरिजाबाईच.

सलाम, नंदाबाई.

नाही, आवाज ओळखला नाही असं नाही. दोन वर्षांत कुणी कुणाचा आवाज विसरत नसतं. नाव तुमच्या तोंडून ऐकायचं होतं, एवढंच.

…हो. खरं आहे. शांतवन गेला. काल संध्याकाळी… हो, राजूरच्या अलीकडच्या वळणावर. उसाची ट्रॉली रस्त्यातच उभी करून ठेवली होती. मागे ना दिवा, ना लाल फडकं. अंधार पडत होता आणि हा मोटारसायकलवर… नाही. दवाखान्यापर्यंत पोचलाच नाही.

नंदाबाई, रडू नका.

…फोनवर रडू नका म्हणते ना. मला एक अक्षर कळत नाही.

मी रडले की नाही, हे तुम्ही विचारू नये. बर्फाच्या लाद्या आणवायच्या होत्या. पाळकसाहेबांना कळवायचं होतं. कबर खणणाऱ्यांना जागा दाखवायची होती. त्याच्या वडिलांच्या उशाशी म्हटलं, तर तिथे चिंचेची मुळं लागली, म्हणून आता पायथ्याशी. आई रडत बसली तर हे सगळं कुणी करायचं? घरात दुसरं होतं कोण? तो आणि मी.

…हो, भोकरदनहून दुपारी आणलं. चिरफाड केल्याशिवाय देत नाहीत ना… माती चार वाजता. पाळकसाहेब जालन्याहून निघालेत… उद्यावर नाही टाकता येत. तुम्ही त्याला पाहिलं नाहीत, नंदाबाई. टाकता येत नाही.

काय?… गीत?

…

गीताचं मी बघते.

नाही, मी कशी उचलीन? रीत तुम्हालाही ठाऊक आहे. दुःखाच्या घराने गीत उचलायचं नसतं. घराने गप्प बसायचं आणि मंडळीने गायचं. आजवर किती जणांच्या दारात उभी राहून मी पहिली ओळ उचलली, तेव्हा त्या घरातल्या कुणी तोंड उघडलं होतं का? मग आज मी कशी उघडू?

…आणि गीत उचलल्याशिवाय माणूस उचलत नाहीत, हेही मला तुम्ही सांगू नका. तो नियम माझ्याच सासऱ्यांनी घातला होता.

मंडळी? आहे ना मंडळी. मी आहे, द्वारकाबाई आहेत, खालच्या आळीतले दोघे दम्याचे म्हातारे आहेत. बाकीची मंडळी कुठे गेली, ते मी तुम्हाला सांगायला हवं का?

…पाळकसाहेब? पाळकसाहेबांना सूर नाही. ते गायला लागले की सगळे डोळे मिटून घेतात, ते काही प्रार्थनेसाठी नव्हे.

बरं, ते राहू द्या. तुमचा भुजंग निघाला का?… हो, मीच सकाळी फोन केला होता. पेटी निघाली?

निघाली. बरं झालं. माझा जीव त्यातच अडकला होता.

…पुसून? हो, पुसायला हवीच. लाकडाचा भुसा असतो आत.

मखमल?… कशाला मखमल? मी कुठे मखमल सांगितली होती? साधं मांजरपाट पुरे झालं असतं… बरं, घातली तर घातली. लांबीला पुरेल ना पण? तो वडिलांवर गेला होता, उंचीला. मापाचं सांगायचं माझ्याकडून राहूनच गेलं.

…काय? ऐकू येत नाही?… तुमच्याकडे हा कसला खडखडाट आहे? टेम्पो?… तुम्ही टेम्पोत बसून बोलताय?

जुनीच म्हणजे? जुनी पेटी कुणी मयताला… हॅलो? ऐकू येतंय का?… हॅलो?

हं, आता बोला… काय फाटलं होतं?… भाता? पेटीला कसला भाता?

…

थांबा.

कोणता सूर अडकायचा?

…

नंदाबाई, एक मिनिट. फोन धरा. धरा म्हणते ना. ठेवू नका.

द्वारकाबाई… अहो द्वारकाबाई, इकडे या. दार लोटून घ्या आधी. हळू बोला… मी सकाळी भुजंगला फोन करून पेटी सांगितली ना, जालन्याहून आणायला?… हो, मयताची पेटी. आपल्या लोकांची पेटी तोच तर आणतो नेहमी. त्याने बाजाची पेटी टेम्पोत घातली आहे.

…बाजाची! आपल्या चर्चची. दोन वर्षांपूर्वी हे लोक उचलून घेऊन गेले, ती.

मी काय म्हणाले? मी म्हणाले, भुजंग, पेटी पाठवून दे. बस्स. त्यापुढे मला त्या घराशी बोलायचं नव्हतं, म्हणून फोन ठेवून दिला… त्याचा काय दोष, द्वारकाबाई? दोन वर्षं दर वेळी पाळकसाहेबांच्या तोंडी मी त्यांना हाच निरोप धाडला. आमची पेटी पाठवून द्या. त्याने तोच ऐकला.

…जालन्याला जाऊन यायला आता वेळ कुठे आहे? दिवस मावळेल. आणि बर्फ संपत आला… थांबा जरा. मला विचार करू द्या.

हॅलो. हो, आहे मी… नंदाबाई, टेम्पो थांबवायला सांगा.

का म्हणजे? मी सांगते म्हणून. कुठवर आलात?… राजूर सोडलं? 'येऊन राह्यलो' नव्हे. 'येत आहोत' म्हणावं. बोर्डिंगात ताईसाहेबांनी तुम्हाला आणि मला एकाच बाकावर बसवून शिकवलं होतं, ते सगळं धुऊन टाकलंत का?

टेम्पोत कोण कोण आहे?

…सगळे?

सगळे म्हणजे?… तो तुमचा उपासनेचा पत्र्याचा शेड बंद करून?… म्हाताऱ्या बायासुद्धा?… आणि तुमची नात, संध्या.

…मांडीवर कशाला घेतलीय तिने पेटी? खाली ठेवा म्हणावं… खड्ड्यांनी सूर हलतील म्हणून? हं.

मी बोलावलं?… कुणी सांगितलं मी बोलावलं म्हणून?… भुजंगने. 'बाईंनी स्वतः फोन करून पेटी मागवली, म्हणजे आपल्याला हाक मारली.' असं म्हणाला तो?… आणि तुम्ही सगळे रडलात.

हे पाहा, नंदाबाई. मी अगदी स्पष्ट सांगते. भुजंगची ऐकण्यात काहीतरी चू…

…

थांबा. मघाशी तुम्ही भात्याचं काय म्हणालात? भाता फाटला होता, तो… कुणी चिकटवला?

…

शांतवनने.

कधी?

नाही, मागच्या रविवारी तो भोकरदनला गेला होता. बियाण्याच्या दुकानात. हंगामाचा माल उतरतो, मालक सुट्टीच्या दिवशीही बोलावून घेतात… तो दर रविवारी जातो. सकाळची उपासना झाली, जेवला, की जातो.

…दर रविवारी?

तुमच्याकडे?

…

कालही?

…

किती वाजता निघाला तिथून?… चहा घेऊन. हं… तुम्ही म्हणालात, अंधार पडतोय, थांब. आणि तो म्हणाला…

काय म्हणाला?

…'बाईंना जेवायला उशीर चालत नाही.'

हं.

…आहे. आहे मी. ऐकते आहे.

तुम्हाला सांगते, नंदाबाई. काल पोलिसांचा फोन आला. म्हणाले, तुमचा मुलगा राजूरच्या रस्त्याला पडला आहे. मी त्यांना म्हणाले, माझा मुलगा भोकरदनला कामाला जातो, तिथून घरी यायला राजूरचा रस्ता लागत नाही. तुमची चूक होते आहे, ते दुसऱ्या कुणाचं तरी प्रेत असेल, नीट पाहा. असं म्हणून मी फोन ठेवला आणि भाकरी टाकायला बसले. त्याच्या वाटणीच्या दोन टाकल्यासुद्धा. मग दुसरा फोन आला.

…

आणि तुम्ही मला कळवलं नाहीत. दोन वर्षं माझा मुलगा तुमच्या पत्र्याखाली बसून बाजा वाजवतो, आणि तुम्ही…

मी फोन उचलला नसता?

…ते खरं आहे. उचलला नसता.

पण वाजवायचं काय होतं त्याला एवढं? इथे काय कमी होतं? इथे… हो. पेटी नव्हती. पेटी तुम्ही नेलीत. तुमच्या यजमानांनी घेऊन दिली होती म्हणून नेलीत. यजमानांनी ती चर्चला दिली होती, नंदाबाई, तुम्हाला नव्हे.

…मी हाकललं? मी कुणालाही हाकललं नाही. मी एका मुलीला खाली बसायला सांगितलं. हंगामाचा सण होता. वेदीपुढे ज्वारीची कणसं मांडली होती, लोकांनी भोपळे आणले होते, कोंबड्या आणल्या होत्या. मी पेरणी-कापणीचं गीत निवडून फळ्यावर क्रमांक लिहून ठेवला होता. आणि तुमच्या नातीने उभं राहून काय उचललं? नदीपलीकडचं गीत! मातीचं गीत! जे आपण कबरीशिवाय कुठेही उचलत नाही. तेही टाळ्या वाजवत, लग्नाच्या वरातीसारख्या चालीत! मी पहिल्याच ओळीला थांबवलं. हो, थांबवलं. 'खाली बस, हे मेलेल्यांचं गीत आहे.' आजही थांबवीन. गीत निवडणं हे माझ्याकडे सोपवलेलं काम होतं. ज्याला जे वाटेल ते त्याने उचललं, तर ती उपासना राहत नाही, बाजार होतो.

…ती रडली, ते मी पाहिलं. मलाही डोळे आहेत.

…काय तिची नव्हती?

चाल?… चाल तिने बसवली नव्हती? मग कुणी? मोबाईलवरून उतरवली?

…

पुन्हा सांगा.

…

पुन्हा सांगा, नंदाबाई. टेम्पोचा आवाज येतो आहे.

…

शांतवनने.

…कधी बसवली?… वडील गेले तेव्हा.

हो… रात्री… हो, तो तेव्हा अंगणात बसून गुणगुणायचा काहीतरी. मी म्हणायचे, गायचं तर नीट गा, नाहीतर झोप.

काय म्हणायचा?… 'नदी ओलांडून गेलेल्यांना आपण रडत का पोचवतो. कापणी झाल्यासारखं का नाही गात.' …असं तो म्हणायचा? तुम्हाला? मला का नाही कधी म्हणाला?

…नाही, उत्तर देऊ नका. मला ठाऊक आहे.

त्या दिवशी पेटीवर तोच होता ना. तिला थांबवल्यावर मी त्याच्याकडे वळले. सगळ्या मंडळीसमोर म्हणाले, 'हिला अक्कल नाही, तुला तरी असायला हवी होती. साथ काय धरतोस?' त्याने भाता मिटला, पेटीचं झाकण लावलं आणि हात मांडीवर ठेवून बसला. चाल आपली आहे, हे सांगितलं नाही. आणि संध्या? तीही बोलली नाही?… त्याने डोळ्यांनी नको म्हटलं म्हणून?… दोन वर्षं बोलली नाही?

तिला दे… नाही, थांब. आत्ता नको.

…काय म्हणालीस?

मागे फिरू का?

…नंदे, तू मला काय विचारते आहेस?

…'न्हाई' नव्हे गं, 'नाही'… बरं, न्हाई तर न्हाई. बोल, मी ऐकते आहे. मंग?… मंग काय विचारायचं आहे?

…मी खरंच पेटी मागवली होती का? भुजंगला आता शंका येते आहे? मखमलीचं आणि लांबीचं मी काहीतरी म्हणाले, ते त्याने ऐकलं?

…

एक मिनिट धर, नंदे. घरात कुणी हाक मारतंय.

द्वारकाबाई, माझ्या कपाटातला खालचा खण उघडा. अगदी तळाशी पांढरी चादर आहे, कापूर घालून ठेवलेली… हो, तीच… ठाऊक आहे मला ती कुणासाठी ठेवली होती. मीच ठेवली होती. काढा… माझ्यासाठी दुसरी येईल. नाही आली तर नाही.

…लोक काय म्हणायचे ते म्हणोत. माझे आजोबा घोंगडीत गुंडाळून गेले, द्वारकाबाई. तेव्हा आपल्या लोकांना लाकूड कुठलं? पुनरुत्थानाच्या दिवशी प्रभू त्यांना विचारणार आहे का, तुम्ही सागाच्या पेटीत होतात की आणखी कशात?… रडू नका. घड्या मोडून हवा लागू द्या तिला. आणि चर्चमधली तिरडी धुऊन घ्यायला सांगा.

हॅलो, नंदे?… हो. हो, मीच मागवली होती. भुजंगने बरोबर ऐकलं. त्याला सांग, गिरिजाबाई जे बोलते ते नेमकंच बोलते. पेटी म्हणजे पेटी.

…ती दुसरी ना? तिची व्यवस्था झाली आहे. तू त्याची काळजी करू नकोस.

आता मी काय सांगते ते नीट ऐक. मध्ये बोलू नकोस. टेम्पो सरळ चर्चशी नको, घरापाशी आणा. बाजा ओसरीवर ठेवायचा, त्याच्या पायाशी. पाळकसाहेबांची प्रार्थना झाली, की मी मान हलवीन. मी मान हलवल्याशिवाय कुणी आवाज काढायचा नाही. गीत नदीपलीकडचं… हो, तेच. ते आज नाही तर केव्हा?

चाल?

…

चाल त्याची.

हो. त्याचीच म्हणाले मी. आणि उचलायचं संध्याने. तू नाही, तुझा आवाज आता कापतो. तिलाच उचलू दे. पांढरी चारच्या उंच पट्टीत वगैरे नको म्हणावं, म्हाताऱ्यांना झेपणार नाही. काळी एक. सगळी कडवी. एकही गाळायचं नाही.

आणि टाळ्या नाहीत. एकसुद्धा नाही. त्याने बसवल्या असतील टाळ्या, असू देत. मी त्याची आई आहे. टाळ्या मला सहन व्हायच्या नाहीत.

…भीती वाटते तिला? कशाची?

…मी पुन्हा थांबवीन याची.

…

तिच्या कानाला लाव फोन. लाव म्हणते ना.

संध्या?… हो, मी मोठ्या बाई… सलाम, बाळ… ऐक, उत्तर नको देऊस. मला एक सांग, ती चाल दुसऱ्या ओळीला कशी जाते? मी पहिलीच ओळ ऐकली आहे. तीही अर्धी. पुढे काय आहे, मला ठाऊकच नाही. सगळ्यांना ठाऊक असेल, तुमच्या पत्र्याखाली बसणाऱ्या पोराटोरांनाही. मला नाही. चार वाजता मला ती सगळ्यांसमोर पहिल्यांदा ऐकायची नाही, कळलं?… माझा तोंडावर ताबा राहायला हवा.

म्हण. इथेच म्हण, टेम्पोत… बाजाशिवाय म्हण. हळू चालेल.

…

हं… हं. ही मी ऐकली होती. पुढे.

…

थांबू नकोस गं. मी हं म्हणते आहे, ते ऐकते आहे म्हणून. म्हण तू.

…

वर नाही जात इथे?… खाली येते. हो. नदीत पाय घालावा तशी… हं… आता?

…

आता पुढे?

संध्या?

…हॅलो?… संध्या, आवाज येत नाही, बाळ. ते वळण आलं का?… नंदे?… भुजंगला म्हणावं, हळू घे तिथे… हॅलो? पुढची ओळ म्हण… हॅलो?

हॅलो?

…

नाही, द्वारकाबाई. लाईन तुटली. मी नाही थांबवलं तिला. टेम्पोतल्या त्या लोकांना तुम्ही सांगा, ते विचारतील. आज मी नाही थांबवलं.